कव्हरवर छापलेली भेसळ

कोल्हापुरात मृण्मयी शिंत्रेच्या पहिल्या अल्बमचं प्रकाशन होतं. गिटारही तिनंच वाजवलेली आणि सिंथेसायझरही. पाहुणे होते बडे समीक्षक दिगंबरराव पेठकर. त्यांच्या एका शब्दावर अल्बम तरायचा किंवा बुडायचा.

माईक हाती घेऊन ते म्हणाले, "रॉकमध्ये इलेक्ट्रॉनिक घालणं म्हणजे निव्वळ भेसळ."

मृण्मयी ताठ मानेनं उठली.

"सर, भेसळ लपवून करतात. आम्ही तर कव्हरवर रॉक आणि इलेक्ट्रॉनिक, दोन्ही नावं ठळक छापलीत. चार गोष्टी उजळ माथ्यानं एकत्र केल्या, की त्याला आमच्या कोल्हापुरात मिसळ म्हणतात. सकाळी तुम्ही तीच खाल्लीत, आणि वर कटही मागून घेतलात."

टाळ्या ओसरल्यावर पेठकरांनी अल्बमही मागूनच घेतला.