ओहोटीची घंटा

या शहराची गोष्ट माझ्याइतकी नीट कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे मीही ती दुसऱ्याकडूनच ऐकली, आणि सांगणाऱ्याला निम्मी आठवत नव्हती. पण तुम्हाला तरी कुठे जास्त ठाऊक आहे?

तर, फार पूर्वी एका खाडीच्या काठी एक शहर होतं. तिथले लोक भारी हुशार, अगदी तुमच्यासारखे. नगरशेठने चौकात एक घंटा टांगली होती. ओहोटी लागली की घंटा वाजायची, आणि घराघरातून पिशव्या, बाटल्या, खरकटं सगळं धडाधड नाल्यात पडायचं. ओहोटी ते ओढून समुद्रात न्यायची. शहर लख्ख. पाहुणे आले की नगरशेठ आधी घंटा दाखवायचा, मग चहा द्यायचा.

खाडीच्या तोंडाशी चांगुणा कोळीण होडी घेऊन मासे धरायची. एके दिवशी ती टोपली घेऊन नगरशेठच्या दारात आली. टोपलीत कोळंबी कमी आणि दुधाच्या पिशव्या जास्त.

"शेठ, ही मासळी तुमच्याच घरची दिसते. घ्या परत."

नगरशेठ हसला. "चांगुणाबाई, समुद्र केवढा, पिशवी केवढी!"

"पिशवी एवढीच, पण माझं जाळंही एवढंच आहे. गल्लीगल्लीत गाडी फिरवा. ओलं वेगळं घ्या, सुकं वेगळं. तोवर नाल्याच्या तोंडाला माझं जुनं जाळं बांधते. जाळं आहे तोवर होडी आहे, शेठ. मग नाही."

नगरशेठने मान डोलावली. मान डोलवायला त्याचं काय जात होतं?

जाळं बांधलं. घंटा वाजली. कचरा जाळ्याला अडला आणि नगरशेठच्या गच्चीसमोरच त्याचा डोंगर झाला. वास सुटला. जो तो नाक धरून शेजाऱ्याची पिशवी ओळखू लागला. स्वतःची कुणालाच सापडली नाही.

आता एक तर गाड्या सुरू करायच्या, नाही तर जाळं काढायचं. गाड्यांना वेळ लागणार होता. कोयत्याला लागला नाही.

कापलेलं जाळं कचऱ्यासकट वाहत गेलं आणि खाडीच्या तळाशी, मासळीची पिल्लं वाढायची तिथेच, गोधडीसारखं पसरलं. त्यानंतर चांगुणाच्या जाळ्यात पिशव्याच आल्या. तिने होडी विकली आणि आत डोंगरापलीकडच्या बाजारात कांदे निवडायला गेली. जाताना कुणाशी भांडलीसुद्धा नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग एका उधाणाला समुद्राने सगळं परत आणलं. नगरशेठच्या अंगणात, तुळशीपर्यंत. तेव्हा कुठे गाड्या फिरल्या, ओलं-सुकं वेगळं झालं, घंटा उतरवली. खाडीचं पाणी निवळलं. पण धक्क्यावर एकही होडी नव्हती.

नगरशेठ स्वतः बाजारात गेला. चांगुणा कांद्यांच्या ढिगापाशी बसली होती.

"चल बाई परत. खाडी साफ केली. तुझी विकलेली होडीही परत घेऊन देतो. आणि धक्क्यावर मोठी पाटी लावली आहे, पोरंसुद्धा वाचतात. तात्पर्य: समुद्रात टाकलेलं परत येतं."

चांगुणाने एक सडका कांदा बाजूला काढला.

"कचरा आला, शेठ. मासळी कधी येणार, तेवढं पाटीवर लिहायचं राहिलं."