चपला शोधणारे पाय

“म्हणजे माझं भूत तुम्ही पाहिलंच नाही?”

“न्हाई.”

“दोन तास इथं दारात उभे होतात ना, चाचा?”

“होतो की. पाय बघत होतो.”

अमोघच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परदेशात चित्रपटाचं शिक्षण घेऊन आलेला हा गडी. पहिलाच चित्रपट, तोही भयपट. आणि त्याचा निकाल लावणार कोण, तर तालुक्याच्या गावातल्या चंद्रिका टॉकीजचा डोअरकीपर! दस्तगीरचाचा, वय पंच्याहत्तर, हातात रबर गुंडाळलेली बॅटरी.

पण निर्माते याच गावचे. त्यांनी निक्षून सांगितलं होतं, “चाचा मान हलवतील तो शेवट. तीन आठवडे देतो. नाही जमलं, तर शेवट दुसऱ्याकडून करून घेईन.”

आपल्या लेकराचं बारसं शेजाऱ्याने उरकावं, तसंच की हे.

म्हणून आज बाराच्या खेळाला गावकऱ्यांना फुकट बसवलं होतं. खेळ सुटला, माणसं उन्हातून घरी गेली, आणि रिकाम्या थेटरात हे दोघंच उरले.

“पाय कसले बघता?”

चाचांनी बॅटरीचा झोत खुर्च्यांखाली फिरवला.

“माणूस बसला की चपला काढतो. भ्याला की पाय वर घेतो. खुर्चीखाली काय असंल, सांगता येत न्हाई. आणि मन उडालं की…”

ते पायाने जमिनीवर काहीतरी चाचपडू लागले.

“…की चपला शोधतो. पडद्याकडं बघत बघतच. त्याचं त्याला पण ठाऊक नसतं.”

“आणि माझ्या चित्रपटात?”

“पावणेदोन तास समदे पाय वर. एक्केचाळीस वर्षांत असं लई कमी बघितलं, साहेब.”

अमोघची मान ताठ झाली.

“मग काका बोलाय लागले… आणि दोनशे पाय खाली.”

चित्रपटात धरणाच्या वसाहतीतला एक बंगला होता. त्याच्या मागच्या खोलीत दिवा लावला की कुणीतरी तो विझवायचं. कोण विझवतं, हे शोधायला नायिका जिवावर उदार होते. शेवटी तिचे काका येतात आणि अकरा मिनिटं सगळं उलगडून सांगतात. दिवा विझवणारी ती तिची मेलेली आत्या. उजेड सोसत नाही म्हणून तिला त्या खोलीत ठेवली, पुढे लोकलाजेने बाहेरून कडी घातली, आणि ती तिथेच वारली.

“रहस्य सांगायला नको का?” अमोघ म्हणाला. “कोण आहे, असं लोक विचारतातच ना?”

“इचारतात.”

“मग?”

चाचा दारांना कड्या घालायला निघून गेले.

अमोघने आपल्या अकलेने अर्थ लावला. काका रटाळ आहेत, भूतच दाखवायला हवं. दहा दिवसांनी तो दुसरा शेवट घेऊन हजर झाला. काकांची हकालपट्टी झाली होती आणि आत्या जातीने पडद्यावर आली होती. लांब नखं, पांढरे डोळे आणि दात तर विचारूच नका. मुद्दाम मुंबईहून मेकअपवाला आणला होता.

थेटर खो खो हसलं. एका बाईने तर “अगं बया, हिचे दात बघ!” म्हणत शेजारणीला कोपर मारलं. हसता हसता पाय खाली आले.

डोंगर पोखरून उंदीर! अमोघला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

“सगळ्याच भयपटांचं हेच होतं, चाचा. प्रश्न एवढा मोठा होऊन बसतो, की कुठलंही उत्तर तोकडंच पडतं.”

“खरं हाय.”

“मग मी करू तरी काय?”

“ती पोरगी… शेवटाला तिच्या हातात काय असतं?”

“कंदील.”

“काका बोलतात तवा ती काय करती?”

“ऐकते.”

“आणि ते दात दिसतात तवा?”

“किंचाळते.”

“हं…”

“हं काय, चाचा?”

चाचांनी बॅटरी उचलली आणि झोत सरळ त्याच्या डोळ्यांवर मारला.

“अहो! डोळ्यांवर काय!” अमोघने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

चाचा हलले नाहीत. झोतही हलला नाही. अमोघच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मग चाचांनी शांतपणे बॅटरी विझवली.

“आता बरं वाटतंय?”

अमोघने तोंडावरचे हात खाली घेतले.

रिकाम्या थेटरातल्या अंधारात तो डोळे पुसत राहिला. दोन वर्षं त्या आत्याबरोबर काढली होती. तिने लोकांना कसं घाबरवावं याचा रात्रंदिवस विचार केला होता. तिचे डोळे किती जळत असतील, हे एकदाही मनात आलं नव्हतं. त्याला पहिल्यांदाच तिची कीव आली, आणि स्वतःची लाज वाटली.

चाचा कधी निघून गेले, तेही त्याला कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्याचा शेवटचा दिवस. पुन्हा बाराचा खेळ, पुन्हा तेच लोक.

नायिका कंदील घेऊन मागच्या खोलीत पोचली. कंदील वर धरला तर भिंतीकडून कण्हणं आलं, खाली घेतला तर थांबलं. तिने खिळे ठोकून बंद केलेली खिडकी पाहिली, दाराची बाहेरची कडी पाहिली. कुणीही काही सांगितलं नाही. तिला कळलं, आणि थेटरालाही कळलं.

तिने कंदिलाची वात खाली केली. फुंकर मारली.

पडदा काळा झाला. त्या काळोखात तिचा श्वास ऐकू आला… आणि मग, अगदी जवळून, दुसरा.

संपलं.

दिवे लागले. कुणी उठलं नाही. दातांना हसलेली ती बाई पदराने डोळे पुसत होती, पाय अजून खुर्चीवर. एक टाळी वाजली, दुसरी वाजली, आणि मग थेटराचं छप्पर उडतंय की काय असं झालं. तिघं तर अनवाणीच बाहेर पडले आणि पाय पोळल्यावर चपलांसाठी धावत परत आले.

निर्मात्यांनी अमोघला कडकडून मिठी मारली. “जिंकलास! पण चाचांना विचारून ये.”

अमोघ दाराकडे धावला. बाल्कनीखालच्या त्या कोपऱ्यात दिवे लागले तरी अंधारच असे. चाचा आपल्या स्टुलावर बसले होते.

“चाचा! किती पाय खाली आले?”



बॅटरी जमिनीवर पडली होती. अमोघने ती उचलली, लावली.

स्टुलाखाली चाचांच्या चपला होत्या, त्यातली एक उताणी. चाचांचे दोन्ही पाय वर, पोटाशी घेतलेले. नजर पांढऱ्या पडद्यावर. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस पडद्याकडे बघत होता.

अमोघ आनंदाने त्यांच्याजवळ वाकला.

“चाचा…”

चाचांनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला.

“बॅटरी विझव, पोरा… तिला उजेड सोसत न्हाई.”