खारूताईची ज्वारी

फार वर्षांमागे नदीपलीकडच्या रानात धान्य न्यायचं तर आधी घोरपडीच्या नाक्यावर दाखवावं लागे. खारूताईने ज्वारी आणली. घोरपड म्हणाली, "दाणे बारीक आहेत. परत ने." खारूताईने टपोरे दाणे निवडून आणले. घोरपड म्हणाली, "कालपासून नियम बदललाय. एकही डाग चालणार नाही."

खारूताई वाटेतच बसली. "नियम खुशाल लावा. पण तुमच्या कोठारातली ज्वारीही इथे सगळ्यांसमोर तपासा. तोवर मी हलणार नाही."

मागे ताटकळलेल्या चिमण्याही तिच्याशेजारी बसल्या. पलीकडून भुकेले ससे ओरडले, "तपासाच!"

नाइलाजाने घोरपडीने कोठार उघडलं. निम्मी ज्वारी किडलेली निघाली.

"आता दोन्ही परत पाठवा, नाहीतर दोन्ही आत घ्या," खारूताई म्हणाली.

घोरपड घाईघाईने कोठाराचं दार लावू लागली. खारूताईने पोतं उचललं आणि तिला न विचारताच सशांकडे चालू लागली.