चिंचेखालचं शेवटचं जुग

एका बाजारगावी एक बांगडीवाला राहत असे. माणूस गोड बोलणारा, गिऱ्हाइकाच्या मनगटाकडे नुसतं बघून माप सांगणारा. त्याचं गावात कुणाशी वैर नव्हतं. होतं ते एकट्या उन्हाशी. त्याच्या बांगड्या होत्या लाखेच्या, आणि लाखेचा स्वभाव असा की सावलीत दगडासारखी कडक, उन्हात गुळासारखी मऊ.

बाजाराच्या मैदानात चिंचेचं एकच झाड होतं. त्याचीही एक बाजू कधीकाळी वीज पडून जळालेली. जी सावली पडे ती एका दुकानापुरती. त्या जागेवरून पूर्वी डोकी फुटली असणार, कारण गावातल्या जुन्या शहाण्यांनी एक रिवाज घालून दिला होता. दसऱ्यानंतरच्या पहिल्या बाजारी, ज्याला सावली हवी त्यानं सावलीत बसलेल्याशी सारीपाटाचा एक डाव खेळायचा. जिंकेल त्याची वर्षभर जागा. आणि समोरच्याची एकही सोंगटी घरात न पोचता कुणी कोरी बाजी जिंकली, तर त्याला एक नाही, तीन वर्षं जागा.

गेल्या वर्षी बांगडीवाला हरला होता. जिंकला होता एक घोंगडीवाला. आता घोंगड्यांना सावली कशाला लागते? घोंगड्यांना नाहीच लागत, पण घोंगडीवाल्याला लागत होती. जेवण झालं की तो आपल्याच मालावर आडवा होई आणि बाजार उठेपर्यंत घोरे.

बांगडीवाल्याचं ते वर्ष ओढ्याच्या काठी उघड्यावर गेलं. सकाळचे दोन तास विक्री, मग सगळा माल ओल्या फडक्यात. बायका हातात बांगडी घेत, दाबून बघत आणि म्हणत, "अगं बाई, ही तर वाकते!" एकदा एका नवरीच्या अख्ख्या चुड्याच्या बांगड्या टोपलीतच एकमेकींना चिकटल्या. चिकटलेल्यांतल्या दोन बांगड्या बांगडीवाल्याच्या बायकोनं त्या दिवशी स्वतःच्या हातात घातल्या आणि त्या तशाच ठेवल्या. आणखी एक वर्ष असंच गेलं असतं, तर लोकांनी लाखेच्या बांगडीचं नावच टाकलं असतं.

यंदा डाव मांडला तेव्हा भोवती निम्मा बाजार गोळा झाला.

खेळ अवघड नव्हता. दोघांच्या चार चार सोंगट्या. पटाला फेरी मारून त्या आपल्या गल्लीत आणायच्या आणि गल्लीतून मधल्या घरात न्यायच्या. गल्लीत शिरलेल्या सोंगटीला कुणी हात लावू शकत नाही. बाहेर मात्र एकटी सापडली की ती मेली, पुन्हा पहिल्यापासून फेरी. दोन सोंगट्या एका घरात बसल्या की त्यांचं जुग होतं, आणि जुगाला कुणी मारू शकत नाही. फक्त जुग जोडीनं चालवायचं तर दोन फाशांतलं लहान दान चालायचं आणि मोठं वाया जायचं. म्हणजे जोडी सुरक्षित, पण चालीनं मंद.

त्या दिवशी बांगडीवाल्याच्या हाताला यश होतं. उन्हं चढेपर्यंत त्याच्या दोन सोंगट्या घरात जाऊन बसल्या. उरलेल्या दोन जुग करून गल्लीच्या पहिल्या घरापासून सात घरांवर आल्या. घोंगडीवाल्याचं अजून काहीच घरात नव्हतं. तीन सोंगट्या त्याच्या गल्लीत शिरल्या होत्या, आणि चौथी, मघाशी मेलेली, नव्यानं फेरीला निघून बांगडीवाल्याच्या जुगामागे बरोबर पाच घरांवर रखडली होती.

"कोरी बाजी दिसतेय रे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"तीन वर्षं!" दुसरा म्हणाला. "घोंगडीवाले, उशी उचला आता."

घोंगडीवाला हसला. "उचलतो की. पण आपले कासारदादा असे दबकत चाललेत, की यांची गल्ली येईपर्यंत माझी एक झोप होईल."

बांगडीवाल्यानं फासे टाकले. एकावर सहा, एकावर दोन.

"आठ!" गर्दी ओरडली. "पळव एक! सरळ गल्लीत!"

हिशेब खराच होता. एक सोंगटी आठ घरं पळवली की ती थेट गल्लीत. मग राहील एकच, आणि एक-दोन दानांत तीही आत. घोंगडीवाल्याला हवं ते दान पडलं नाही, तर त्याचं काही घरात जाण्याआधी डाव खलास. आणि जुग धरून चालायचं तर सहा वाया घालवून जेमतेम दोन घरं.

"दोन घरं कसली चालता दादा?" घोंगडीवाला म्हणाला. "म्हातारी देवळात जाताना याहून भरभर जाते. तीन वर्षं समोर आलीत, हात आखडू नका."

बांगडीवाल्याच्या डोळ्यांसमोर तीन वर्षं उभी राहिली. तीन दिवाळ्या, तीन लग्नसराया, सावलीत रांगेनं मांडलेले लाल-हिरवे चुडे. ओढ्याकाठी बसल्यावर जे हसले होते त्यांचीही तोंडं त्याला दिसली. त्यानं वरची सोंगटी उचलली. रिवाज असा होता की घराचा आकडा तोंडानं उच्चारेपर्यंत उचललेली सोंगटी परत ठेवता येते. त्याच्या ओठांवर "आठ" आलाच होता.

खेळणाऱ्याला सल्ला द्यायची कुणाला मुभा नव्हती. त्याची बायको गर्दीच्या पुढे बसली होती. तिनं फक्त घाम पुसायला हात वर केला, आणि त्या चिकटलेल्या दोन बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरल्या.

बांगडीवाल्याचा हात थांबला. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांशी बोलून त्याला एक सवय लागली होती. समोरचा फार आग्रह करू लागला, की त्याला काय हवंय ते आधी बघायचं. त्यानं पटाकडे घोंगडीवाल्याच्या बाजूनं पाहिलं. याच्या एका सोंगटीची अजून जवळजवळ अख्खी फेरी बाकी. सरळ चालून हा जिंकायचा नाही, काही केल्या नाही. याला जिंकायला एकच गोष्ट पाहिजे, ती म्हणजे माझी एकटी सोंगटी. आणि तीच मी याच्यापुढे ठेवायला निघालोय, तीही पाच घरांवर!

त्यानं सोंगटी परत जोडीला ठेवली. "दोन," तो म्हणाला, आणि जुग दोन घरं पुढे सरकवलं.

गर्दीनं असा सुस्कारा सोडला, जसा काही कुणाचा पतंग कापला गेला.

"वाणी असता तर मापातही असाच हात आखडला असता," म्हणत घोंगडीवाल्यानं फासे खुळखुळवले आणि टाकले. एकावर पाच, एकावर एक.

पाच! सोंगटी एकटी राहिली असती तर नेमकी त्याच घरात मेली असती. घोंगडीवाला पटाकडे बघत राहिला. ज्या घरात त्याला शिकार करायची होती ते घर रिकामं होतं. शेवटी त्यानं पाचावर आपली पहिली सोंगटी घरात नेली आणि एकावर मागची एक घर सरकवली.

"गेली कोरी बाजी," कुणीतरी हळहळलं.

बांगडीवाल्याला मात्र पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पुढचं दान त्यानं टाकलं. पाच आणि सहा. यावेळीही त्यानं सहा सोडून दिलं. जुग पाच घरं चाललं आणि जोडीनं गल्लीच्या पहिल्या घरात जाऊन बसलं. मागून मारणारं आता कुणीच उरलं नव्हतं. त्यानं मोठा श्वास घेतला, उपरण्यानं मान पुसली आणि मगच जुग मोडलं. त्यानंतर एकही दान वाया घालवलं नाही, जी सोंगटी जमेल ती पळवली. घोंगडीवाल्याची तिसरी घरात जाते न जाते तोच बांगडीवाल्याची चौथी जाऊन बसली.

घोंगडीवाला पाठीमागे रेलला आणि खदखदून हसला. "दादा, खरं सांगू? ती मागची मी मुद्दाम रखडत ठेवली होती. म्हटलं, तीन वर्षांच्या मोहात हा जोडी मोडणार. मोडली असतीत, तर आत्ता तुम्ही ओढ्याकडे चालला असता."

"ठाऊक आहे," बांगडीवाला म्हणाला. "ओठांवर आलं होतं माझ्या."

"मग आता आमच्या झोपेचं काय?"

बांगडीवाल्याची बायको टोपली घेऊन सावलीत आलीच होती. "या की दुपारी, खोडाजवळ कोपरा आहे. घोंगडी तुमची, सावली आमची. पण घोरायचं नाही, गिऱ्हाईक घाबरतं."

दुपार झाली. मैदान तापून निघालं. बांगडीवाल्यानं रांगेतली एक लाल बांगडी उचलली आणि अंगठ्यानं दाबून पाहिली. कडक होती. त्यानं ती बायकोच्या हातात ठेवली. तिनंही दाबून पाहिली, मग चिकटलेल्या दोन बांगड्या काढून टोपलीच्या तळाशी टाकल्या आणि ती नवी हातात चढवली.

"एकच वर्ष मिळालं हो," ती म्हणाली.

"मिळालं ना," तो म्हणाला आणि चिंचेच्या खोडाला पाठ टेकून बसला.

तात्पर्य: मागे कुणी टपून आहे तोवर सोबत सोडून पुढे पळू नये, मग चार पावलं कमी पडली तरी चालतील. धोका मागे सरला की मात्र रेंगाळू नये. जिंकत आलेला डाव मोठ्या विजयाच्या हव्यासानंच हातचा जातो.