दुपारी बाराचा चंद्र

“पंत, तुमच्या चारशे चाचण्यांत मला काहीतरी काळंबेरं दिसतंय!” भर दरबारात रेवू बोलून गेली आणि तिथंच फसली.

रेवू म्हणजे राजवाड्याच्या देवघरात हार पोचवणाऱ्या फुलाऱ्याची लेक. जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकून दरबारच्या सर्व्हरवर नुकतीच कामाला लागलेली. त्या सर्व्हरवरचा प्रोग्रॅम दर संकष्टीला वेधशाळेच्या यंत्राला विचारून गावोगाव चंद्रोदयाची वेळ कळवायचा. तो नीट चालतो ना, हे बघायला मुख्य अभियंते धुरंधरपंतांनी चाचण्या लिहिल्या होत्या. प्रोग्रॅमच्या एकेका तुकड्याला प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. चारशेच्या चारशे हिरव्या! राजा चंडप्रताप बेहद्द खूश होता.

“काल आलेली पोर मला शिकवणार?” पंत फणकारले.

राजा मुलखाचा हट्टी. मिशीला पीळ देत म्हणाला, “पोरी, खोट काढून दाखव! पण पंतांच्या चाचण्यांची एक ओळही वाचायची नाही. कळफलकाला बोट लावायचं नाही. आणि दुपारची नौबत झडायच्या आत! नाही जमलं, तर उद्यापासून तूही यायचं नाहीस आणि तुझ्या बापाचे हारही!”

तीस वर्षं रेवूच्या आबांचा हार देवाच्या गळ्यात पडत होता. तिनं मनोमन गजाननाला हात जोडले आणि ओढणी कमरेला खोचली.

“महाराज, तुमच्या बोटांना तर बंदी नाही ना?”

“आमच्या?”

“मग बसा इथं! चाचण्यांना हात नका लावू. नुसता प्रोग्रॅम उघडा. चंद्रोदयाची वेळ जिथनं पाठवली जाते, तिथं लिहा, दुपारी बारा.”

राजानं एका बोटानं टकटक करत लिहिलं. “अगं, पण हे धादांत खोटं आहे!”

“तेच तर हवंय. आता चालवा चाचण्या.”

टिचकी वाजायच्या आत पडदा उजळला. चारशे हिरव्या!

“काय हो पंत,” राजा म्हणाला, “आपल्या राज्यात चंद्र दुपारी बाराला उगवतो?”

पंतांनी उपरण्यानं घाम पुसला. राजाला मात्र चेव चढला. त्यानं लिहिलं, ‘चंद्र आज रजेवर आहे.’ तरी चारशे हिरव्या!

“एक ओळ न वाचता तुला कळलं कसं?”

“महाराज, वेधशाळेचं एक उत्तर यायलाच चार श्वास लागतात, आणि या चारशे चाचण्या टिचकीसरशी संपतात! म्हणजे प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आतच हिरवी खूण करून मोकळं व्हायचं. चंद्राची वाट न बघता मोदक हाणायचे आणि वर सांगायचं, उपास अगदी कडक झाला हो! प्रत्येक चाचणीत एकच शब्द लिहायचा राहिलाय, ‘अवेट’. म्हणजे उत्तर येईपर्यंत थांब.”

पंतांनी चाचण्या उघडल्या. तो शब्द औषधालासुद्धा नव्हता!

राजा असा खदखदून हसला की पगडी मांडीवर आली. “रेवू, आजपासून चाचण्यांचा कारभार तुझा! आणि देवाला पहिला हार कायम तुझ्या आबांचा. पंत, तुम्ही बसा आता चारशे वेळा ‘अवेट’ लिहायला. सावकाश होऊ द्या, आम्ही थांबतो!”