ठमाने मांडले पाट

कुरणपूरच्या खालच्या आळीत घरं जास्त, वरच्या आळीत कमी. तरी दरवर्षी पंच निवडून येत ते वरच्या आळीचे दोन आणि खालच्या आळीचा एक! मग पाटाचं पाणी वळे वरच्या मळ्यांकडे, आणि खालची वांगी उभ्या जागी वाळत.

ही किमया कारभारी गुंडोपंतांची. काही दुकानदार तराजूला बोटही लावत नाहीत, दुकानाची जमीनच तिरकी ठेवतात. गुंडोपंत त्यातले! पंच निवडायला त्यांनी गावाच्या तीन पेठा पाडल्या होत्या, दर पेठेला एक पंच. पेठांची हद्द ओढ्यावरून निघे, देवळामागून वळे, तेलघाण्याला वळसा घाली. एका घराची चूल एका पेठेत, तर न्हाणी दुसरीत!

राजवाड्यात पाट-रांगोळी करणारी ठमा खालच्या आळीची. एकदा रांगोळी घालताना तिने राजा रत्नकेतूपुढे गाऱ्हाणं मांडलंच.

"सरकार, ही पेठेची हद्द आहे की सरड्याचं चित्र? आम्ही जास्त असून हरतो!"

"जास्त असून कुणी हरतं का? तुमच्यातलेच फितूर होत असतील!" राजा हसला.

गुंडोपंतांनी री ओढली, "स्वयंपाकघरातल्यांना राज्याचं गणित काय कळणार!"

राजाला थट्टेची लहर आली. "ठमे, आज पानावर आम्ही नऊजण. पाच बासुंदीवाले, चार कारलंवाले. एकही माणूस न वाढवता, एकाचंही मत न फिरवता आम्हाला कारलं खायला लाव! जमलं तर हद्दी नव्याने आखू. नाही जमलं तर खालच्या आळीने पुन्हा पाण्याचं नाव काढायचं नाही!"

सगळ्या आळीची वांगी आता ठमाच्या एका शब्दावर होती! पण हातातल्या पाटाकडे बघून ती म्हणाली, "कबूल, सरकार. मात्र पंगती गावच्या रीतीने. तीन पंगती, तिघं-तिघं. प्रत्येक पंगतीने एक पदार्थ निवडायचा. जास्त पंगती मागतील तोच सगळ्यांच्या पानात. आणि पाट मी मांडणार."

"ते तर तुझं रोजचंच काम! मांड!"

पहिल्या पंगतीत तिने राजा, आईसाहेब आणि मेहुणेराजांना बसवलं. तिघंही बासुंदीचे भक्त! राजा खूश. "वा! आमची पंगत तर एकमुखी!"

दुसऱ्या पंगतीत दोन कारलंवाले, मध्ये बासुंदीवाले राजवैद्य. तिसरीत दोन कारलंवाले आणि मध्ये गुंडोपंत!

"बोला, काय वाढू?" ठमाने विचारलं.

"बासुंदी!" पहिली पंगत गरजली.

"कारलं!" दुसरीतून दोघं म्हणाले. वैद्यबुवांचा आवाज मधल्या मध्ये विरला.

"कारलं!" तिसरीतूनही तेच.

"अहो, पण माझं मत?" गुंडोपंत कळवळले.

"वाया गेलं, कारभारी! आमच्या आळीत दरवर्षीच जातं!"

आणि राजाच्या पानात हिरवंगार कारलं पडलं.

"थांब! आम्ही तर पाच होतो!" राजा ओरडला.

"होता की, सरकार! तिघांना एकाच पंगतीत कोंबलं, दोघांना दोन पंगतींत एकटं पाडलं. माणसं तीच, मतंही तीच. मी नुसते पाट मांडले. कारभाऱ्यांनी तरी दुसरं काय केलं? त्यांनी पाट मांडले, म्हणून आमचा पाट आटला!"

राजाने कारल्याचा घास घेतला. तोंड असं वाकडं झालं की आईसाहेबांनी पदर तोंडाला लावला. मग राजाच असा खो खो हसला की समया हलल्या!

"हरलो, ठमाबाई! आता हद्दी तूच आख!"

"छे, सरकार! माझं घर खालच्या आळीत. माझाही हात तिकडेच वळायचा. हद्द ओढ्याची आणि जुन्या गाडीवाटेची ठेवा. कारभाऱ्यांचे मेहुणे वरच्या आळीत राहतात, पण ओढा कुणाचाच मेहुणा नाही!"

राजाने पुन्हा गडगडाटी हसून हुकूम सोडला, "हद्द ओढ्याची! ठमाबाईला चांदीच्या फुल्यांचा पाट द्या. आज ती आमच्या पंगतीत बसून बासुंदी खाईल!"

"आणि उरलेलं कारलं, सरकार?" आचाऱ्याने विचारलं.

"गुंडोपंतांना वाढा! नाही म्हणायची सोय नाही, त्यांच्याच पंगतीने निवडलंय!"