कायम झालेला कामगार

आमच्या शहरातली कापडगिरणी बंद पडली त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून इथली तरणी पोरं एक तर पुण्याला जातात, नाहीतर टपरीवर बसून राहतात. अशात नव्या आयुक्तांना शहराच्या पुनर्विकासाचा ध्यास लागला. गिरणीच्या आवारात बाग झाली, कारंजं झालं आणि दारातच पितळेचा कामगार उभा राहिला. हातात विणायचा धोटा, चेहऱ्यावर हसू.

उद्घाटनाला साहेब तासभर बोलले. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, कामाचं काय?"

साहेब चिडले. पुतळ्याकडे बोट करून म्हणाले, "कामगाराला विसरलो असतो तर हा इथं दिसला असता का? याला आता कुणी हलवणार नाही. कायमची जागा दिलीय त्याला!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात सिद्राममामा उठले. मामांनी गिरणीत बावीस वर्षं बदली म्हणून काढली होती. बदलीनं रोज सकाळी डबा घेऊन दारात उभं राहायचं. कायम कामगार आला नाही, तरच त्याच्या यंत्रमागावर त्या दिवसापुरतं काम मिळायचं.

मामा हात जोडून म्हणाले, "लई चांगलं केलंत, साहेब. एवढंच सांगा, हा रजा कधी घेणार?"

सगळा मंडप हसला. साहेबांनी माईक खाली ठेवला आणि गाडी मागवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोनशे माणसं डबे घेऊन दारात उभी होती. मामांनी पुढं होऊन पाहिलं. पुतळा कामावर हजर होता.

मग सगळे घरी गेले.